‘स्मदर’चं मराठी करताना

काही वर्षांपूर्वी स्वयंपाकघरातल्या आगीबद्दलची एक इंग्रजी सूचनापत्रिका माझ्याकडे भाषांतराला आली होती. वाक्यं लहान लहान होती. त्यातल्या दोन ओळींचा अर्थ असा होता: गॅस बंद करा, ज्वाला ‘स्मदर’ (smother) करा. मी लिहिलं, ‘गॅस बंद करा. ज्वाला विझवा.’ मजकूर तपासणाऱ्या बाईंचा दुसऱ्या दिवशी फोन आला. ‘अहो, हे वाचून माणूस पेटलेल्या तेलावर पाणी ओतेल ना!’

त्यांचं अगदी बरोबर होतं. ‘विझवा’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर आधी पाणीच येतं. ‘विझवणं’ हे क्रियापद फक्त शेवट सांगतं, आग गेली एवढंच. ‘स्मदर’ मात्र ती कशी घालवायची तेही सांगतं: वरून काहीतरी झाकून, हवा तोडून. माझ्या भाषांतरात झाकण गळालं होतं, आणि त्या पत्रिकेत नेमकं तेच महत्त्वाचं होतं. तेव्हापासून हा शब्द आला की मी थांबतो. कोशात त्याच्यापुढे गुदमरवणं, दाबणं, दडपणं, विझवणं, माखणं अशी रांग दिसते आणि हे सगळे एकाच शब्दाचे अर्थ कसे, असा प्रश्न पडतो. पण मुळातलं चित्र एकदा डोळ्यांसमोर आलं की ही रांग सुटी सुटी राहत नाही.

आधी उच्चार. हा शब्द ‘मदर’, ‘ब्रदर’च्या चालीवर म्हणायचा, स्मदर. ‘स्मूथ’शी त्याचं काही नातं नाही.

या शब्दाचा जन्म धुरातला. जुन्या इंग्रजीत ‘स्मोरियन’ असं क्रियापद होतं, श्वास कोंडून मारणं किंवा गुदमरवणं या अर्थाचं. त्यावरून मध्ययुगीन इंग्रजीत ‘स्मॉर्दर’ हे नाम आलं. त्याचा अर्थ दाट, जीव गुदमरवणारा धूर. पुढे त्यातला पहिला ‘र’ झिजून गेला आणि ‘स्मदर’ उरलं. म्हणजे आज आपण ज्याला क्रियापद म्हणून ओळखतो, तो शब्द बराच काळ धुराचंही नाव होता. शेक्सपिअरच्या ‘ॲज यू लाइक इट’मध्ये ऑर्लँडो म्हणतो की आता धुरातून निघून ‘स्मदर’मध्ये जायचं. साध्या धुरातून सुटायचं आणि त्याहून दाट, कोंडणाऱ्या धुरात सापडायचं. याला आपल्याकडे ‘आगीतून फुफाट्यात’ म्हणतात. इतकं चपखल जुळणारं मराठी क्वचित सापडतं, आणि सापडलं की दिवस चांगला जातो.

या मुळाचा एक फाटा थेट चुलीपर्यंत गेला आहे. डच भाषेत ‘स्मोरेन’ म्हणजे गुदमरवणं, आणि झाकण लावून मंद आचेवर शिजवणं म्हणजेही ‘स्मोरेन’च. जर्मन ‘श्मोरेन’मध्ये फक्त शिजवण्याचा अर्थ उरला आहे. फ्रेंच ‘एतुफे’ हा शब्द वेगळ्या मुळाचा, पण तोही हेच दोन अर्थ बाळगून आहे, आणि अमेरिकेतल्या लुइझियानात त्याच नावाचा पदार्थ होतो. तिथल्या स्वयंपाकात ‘स्मदर्ड’ म्हणजे भरपूर कांदा आणि रश्श्यात झाकून शिजवलेलं. झाकण घट्ट लावून वाफेवर शिजवायला आपणही ‘दम देणं’ म्हणतो, आणि दम म्हणजे श्वास. इतक्या भाषांनी बंद भांड्याकडे पाहून कोंडलेल्या श्वासाचाच विचार करावा, हे मला फार विलक्षण वाटतं.

आता आगीकडे येऊ. हा अर्थ नीट कळला की बाकीचे बरेचसे आपोआप उलगडतात.

आग टिकायला तीन गोष्टी लागतात: जळणारा पदार्थ, उष्णता आणि प्राणवायू. अग्निशमनाच्या प्रशिक्षणात आग विझवण्याच्या पद्धती याच हिशेबानं शिकवतात. उष्णता काढून घ्या म्हणजे थंड करा, जळण बाजूला करा, किंवा हवा तोडा. या तिसऱ्या पद्धतीचं इंग्रजी नाव ‘स्मदरिंग’. साध्या हवेत सुमारे २१ टक्के प्राणवायू असतो. तो साधारण १५ टक्क्यांच्या खाली गेला की बहुतेक नेहमीच्या पदार्थांची ज्वाला तग धरत नाही. म्हणजे हवा पूर्ण संपवावी लागत नाही, ताजी हवा आत येऊ दिली नाही तरी पुरतं. आतला प्राणवायू आग स्वतःच खाते आणि आपलं काम करून टाकते.

कढईचं उदाहरण जरा जवळून बघू. पेटलेल्या तेलाचं तापमान साडेतीनशे अंशांच्या आसपास किंवा त्याहून जास्त असतं. पाणी शंभर अंशांना उकळतं आणि तेलापेक्षा जड असतं. त्यामुळे ओतलेलं पाणी तेलाखाली जातं आणि तिथे क्षणात त्याची वाफ होते. पाण्याची वाफ झाली की तिला सुमारे १,७०० पट जागा लागते. ती जागा करण्यासाठी वाफ वरचं पेटतं तेल उडवते. एक पेलाभर पाण्यानं छतापर्यंत ज्वाळा जातात त्या यामुळे. झाकणाचं काम उलट शांत असतं. गॅस बंद करायचा. भांड्यापेक्षा मोठं झाकण आपल्या बाजूनं पुढे सरकवत न्यायचं, म्हणजे एकीकडे ज्वाला आणि दुसरीकडे आपला हात-चेहरा, यांच्या मध्ये झाकण राहतं. आणि मग ते तसंच ठेवायचं. ज्वाला दिसेनाशी झाली म्हणून उघडून बघायचा मोह बहुतेकांना होतो. पण तेल अजून तितकंच तापलेलं असतं. झाकण उघडलं की ताजी हवा आत शिरते आणि तेल पुन्हा भडकतं. भांडं पूर्ण गार होईपर्यंत हात लावायचा नाही आणि कढई उचलून कुठे न्यायची नाही.

त्या पत्रिकेत शेवटी मी असं लिहिलं: ‘कढईवर झाकण सरकवून आगीची हवा तोडा. गार होईपर्यंत झाकण काढू नका.’ मूळ वाक्यापेक्षा हे लांब आहे. पण ‘स्मदर’मध्ये जे दडलेलं होतं ते मराठीत उघड करून सांगावंच लागतं.

हीच युक्ती वेगवेगळ्या रूपांत दिसते. कपड्यांना आग लागली तर पळायचं नाही, जमिनीवर आडवं होऊन लोळायचं. अंग आणि जमीन यांच्यामध्ये दाबली जाऊन ज्वालेला हवा मिळत नाही. पेट्रोल पाण्यावर तरंगतं, म्हणून त्याच्या आगीवर फेस मारतात. तो पेट्रोलच्या पृष्ठभागावर चादरीसारखा पसरतो. कार्बन डायऑक्साइड हवेच्या दीडपट जड असतो, त्यामुळे सिलिंडरमधून त्या वायूचा झोत आगीच्या बुडाशी मारला की वायू तिथे काही वेळ हवेला शिरू देत नाही. याला अपवाद आहेत आणि ते जीवघेणे ठरू शकतात. फटाक्यांच्या दारूत प्राणवायू पुरवणारं रसायन मिसळलेलंच असतं. ती झाकून विझत नाही. कापसाच्या गासड्या किंवा कोळशाचा ढीग वरून झाकला तर ज्वाला जाते, पण आत आग धुमसत राहते. ‘धुमसणं’ या मराठी शब्दाचा मला इथे अभिमान वाटतो. एका शब्दात धूर आहे, दबलेली धग आहे आणि पुन्हा पेटण्याची शक्यताही आहे.

आगीची हवा तोडली तर आग जाते आणि माणसाची तोडली तर माणूस. ‘स्मदर’चा हा अर्थ सर्वांत जुना आणि सर्वांत भयंकर. मराठीत आपण या सगळ्या प्रकाराला ‘गुदमरून मृत्यू’ म्हणतो, पण इंग्रजीत आणि न्यायवैद्यक शास्त्रात इथे बारीक भेद आहेत. नाक आणि तोंड बाहेरून झाकलं गेलं तर ‘स्मदरिंग’. घास किंवा एखादी वस्तू आतून श्वासमार्गात अडकली तर ‘चोकिंग’. गळा दोरीनं आवळला तर ‘स्ट्रँग्युलेशन’, हातांनी दाबला तर ‘थ्रॉटलिंग’. ‘सफोकेशन’ हा मोठा शब्द आहे, धूर किंवा वायू कोंडलेल्या खोलीतलं मरणही त्यात येतं. म्हणून एखाद्या बातमीत ‘स्मदर्ड’ असेल आणि आपण ‘गळा दाबून खून’ लिहिलं, तर ती चूक शब्दापुरती राहत नाही. आपण घटनाच बदलतो.

शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’च्या छापील प्रतींतही असा शब्दांचा फरक आहे. ऑथेल्लो डेस्डेमोनाला मारतो, त्या जागेवरची रंगसूचना १६२२च्या क्वार्टो म्हणजे लहान आकाराच्या प्रतीत ‘स्टायफल’ क्रियापद वापरते, आणि पुढच्याच वर्षीच्या, १६२३च्या फोलिओत, म्हणजे मोठ्या आकाराच्या प्रतीत, तिथे ‘स्मदर’ आहे. दोन्हींचा अर्थ श्वास कोंडणं. पण ‘स्टायफल’मध्ये आतून येणारं काहीतरी अडवलं जातं, ‘स्मदर’मध्ये वरून काहीतरी येऊन झाकतं. आजही उकाड्यानं कोंदलेल्या हवेला ‘स्टायफलिंग’ म्हणतात, आणि दुलईखाली दबलेल्या ज्वालेला ‘स्मदर्ड’.

याच अर्थानं तान्ह्या बाळांच्या झोपेबद्दलच्या इंग्रजी सूचनांमध्ये हा शब्द वारंवार येतो. लहान बाळाला तोंडावर आलेली उशी किंवा पांघरूण स्वतः दूर करता येत नाही आणि मान वळवण्याचीही ताकद नसते. म्हणून पहिल्या वर्षभरात बाळाला पाठीवर झोपवावं, गादी टणक असावी, आणि उशी, मऊ खेळणी, सैल पांघरुणं बाळाजवळ ठेवू नयेत, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. अमेरिकेत १९९४ साली बाळांना पाठीवर झोपवण्याची मोठी मोहीम सुरू झाली, आणि त्यानंतरच्या वर्षांत झोपेत अचानक होणाऱ्या अर्भकमृत्यूंचं प्रमाण तिथे जवळपास निम्म्यावर आलं. अशा मजकुराचं भाषांतर करताना मी ‘गुदमरण्याचा धोका’ एवढ्यावर थांबत नाही. ‘नाकातोंडावर येऊन श्वास कोंडू शकतो’ असं लिहितो. आईबापांना धोका कुठून येतो ते दिसायला हवं.

इंग्रजीत याच अर्थाचं आणखी एक क्रियापद आहे आणि ते एका माणसाच्या नावावरून आलं आहे. १८२८ साली एडिंबरामध्ये विल्यम बर्क आणि विल्यम हेअर या दोघांनी मिळून १६ जणांचे खून केले. प्रेतं त्यांनी शरीररचनाशास्त्र शिकवणाऱ्या डॉ. रॉबर्ट नॉक्सना विकली. तेव्हा विच्छेदनाला प्रेतं मिळणं कठीण होतं आणि प्रेताला चांगले पैसे मिळत. अंगावर जखम दिसली तर संशय येणार, म्हणून ते माणसाचा श्वास कोंडून मारत. हेअर माफीचा साक्षीदार झाला, बर्कला २८ जानेवारी १८२९ रोजी फाशी झाली. त्याच्या प्रेताचंही विच्छेदन झालं. त्याचा सांगाडा आजही एडिंबरा विद्यापीठाच्या संग्रहात आहे. या प्रकरणामुळे उसळलेला क्षोभ हे १८३२च्या ब्रिटिश शरीररचना कायद्यामागचं एक मोठं कारण होतं. आणि भाषेत ‘टू बर्क’ हे क्रियापद राहिलं: आधी ‘खूण न ठेवता श्वास कोंडून मारणं’, आणि लगेचच ‘एखादी चौकशी किंवा चर्चा गुपचूप दाबून टाकणं’.

माणसाचं तोंड दाबण्यापासून प्रकरण दाबण्यापर्यंतचा हा प्रवास आपल्याला परका वाटण्याचं कारण नाही. मराठीतही तो झालेला आहे. ‘मुस्कटदाबी’ हा शब्द घ्या. मुस्कट म्हणजे तोंड, थोबाड. ते दाबलं की आवाज बंद. आज वृत्तपत्रांची मुस्कटदाबी, विरोधकांची मुस्कटदाबी असं म्हणताना कुणाच्या डोळ्यांसमोर खराखुरा हात येत नाही, पण शब्दात तो अजून आहे. ‘पांघरूण घालणं’ही तसंच. एखाद्याच्या चुकांवर पांघरूण घातलं म्हणजे त्या झाकल्या, दिसू दिल्या नाहीत. इंग्रजीत बातमी, असंतोष, टीका ‘स्मदर’ केली असं आलं की मी या दोन शब्दांमध्ये निवड करतो. बोलणाऱ्यावर जोर झाला असेल तर मुस्कटदाबी, गोष्ट लपवली असेल तर पांघरूण. सरसकट ‘दडपणं’ लिहिलं तर चुकत नाही, पण पुष्कळ चव जाते.

मनातल्या गोष्टींना हा शब्द लागतो तेव्हा मराठीची श्रीमंती खरी कळते. इंग्रजी माणूस हसू, जांभई, हुंदका, किंकाळी, राग हे सगळं ‘स्मदर’ करतो. आपल्याला प्रत्येकाला वेगळी वागणूक द्यावी लागते. हसू आपण दाबतो, हुंदका गिळतो, राग आवरतो किंवा तोही गिळतो, आणि किंकाळी ओठांतच विरते. भरसभेत कुणी तोंडाला रुमाल लावून हसतं, तेव्हा ‘स्मदर’ त्या रुमालाकडे बघतो आणि मराठी आतल्या हसण्याकडे. मला यातलं एक कमी आणि दुसरं जास्त असं म्हणायचं नाही. पण भाषांतर करताना ‘तिनं हसू गुदमरवलं’ असलं काही लिहिलं तर ते मराठी होत नाही, हे नक्की.

थर देण्याचा अर्थ त्या मानानं सोपा. एखादा पदार्थ सॉसमध्ये ‘स्मदर्ड’ असेल तर तो न दिसण्याइतका सॉसनं माखलेला असतो. नुसता लावलेला असेल तर हा शब्द येत नाही. इथे कुणी गुदमरत नाही, फक्त खालचं काही दिसेनासं होतं. दरी धुक्यात ‘स्मदर्ड’ असेल तर मराठीत ती धुक्यात बुडालेली असते.

शेती आणि निसर्गाच्या लिखाणात मात्र श्वास पुन्हा परत येतो, कधी हवेच्या, कधी उजेडाच्या रूपात. बकव्हीटसारखं झपाट्यानं वाढून जमीन झाकणारं पीक लावलं की तणाला उजेड मिळत नाही आणि ते मरतं. अशा पिकांना ‘स्मदर क्रॉप’ म्हणतात. हेच हाताबाहेर गेलं की काय होतं ते कुड्झूच्या वेलीनं दाखवलं. १८७६ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात जपाननं ही वेल मांडली. १९३०च्या दशकात जमिनीची धूप थांबावी म्हणून अमेरिकी सरकारनंच तिच्या लागवडीला उत्तेजन दिलं. भर हंगामात ती दिवसाला फूटभरही वाढते. अमेरिकेच्या आग्नेय भागात तिनं झाडं, खांब, ओसाड घरं अशी झाकली की खाली काय आहे ते फक्त आकारावरून ओळखावं लागतं. वेल झाडाचं काही खात नाही, नुसती वर पसरते, आणि सूर्यप्रकाश तुटून झाड मरतं. प्रवाळांवर गाळ बसला की तसंच. प्रवाळांच्या शरीरात राहणाऱ्या सूक्ष्म शैवालांना उजेड लागतो, तो गाळानं तुटतो.

खेळांतही हा शब्द आहे. गोलरक्षक पायाजवळच्या चेंडूवर झेप घेऊन अंगाखाली घेतो, ते ‘स्मदर’. क्रिकेटमध्ये फिरकी ‘स्मदर’ करायची म्हणजे पाय पुढे टाकून टप्प्यावरच बॅट न्यायची, चेंडू वळायला जागाच ठेवायची नाही. आणि बुद्धिबळात ‘स्मदर्ड मेट’ आहे, ज्याच्या प्रेमात पडला नाही असा बुद्धिबळपटू मी पाहिलेला नाही. काळा राजा कोपऱ्यात उभा आहे, पुढे त्याची दोन प्यादी. पांढरा आपला वजीर थेट राजाच्या शेजारच्या घरात नेऊन ठेवतो. त्या घरावर पांढऱ्या घोड्याचा जोर आहे, म्हणून राजाला वजीर मारता येत नाही. काळ्या हत्तीनं मारावाच लागतो. आता हत्ती राजाला चिकटून उभा राहिला. घोडा उडी मारून शह देतो आणि राजाला हलायला एकही घर नाही, सगळी घरं त्याच्याच माणसांनी व्यापलेली. लुसेना या लेखकाच्या बुद्धिबळावरच्या १४९७च्या स्पॅनिश ग्रंथातही ही मात आहे.

आपल्याच माणसांनी कोंडी होणं हा या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे आणि तो सर्वांत अवघड. कुणाला चुंबनांनी, भेटवस्तूंनी ‘स्मदर’ केलं असेल तर ते कौतुकानं म्हटलेलं असू शकतं. तिथे ‘वर्षाव केला’ छान बसतं. पण तेच प्रेम रोजचं झालं, कुठे निघालीस, कुणाबरोबर, जेवलीस का, फोन का नाही उचललास असं दिवसातून दहादा विचारू लागलं, की ‘स्मदरिंग’ ही तक्रार होते. इंग्रजीत ‘मदर’ आणि ‘स्मदर’ यमकात बसतात, म्हणून ती बहुतेकदा आईच्या वाट्याला येते, आणि मला ते नेहमी अन्यायाचं वाटतं. बाप, नवरा, मैत्रीण, कुणीही असं करू शकतं.

एका कथेत मुलगी आईला एवढंच म्हणते, की तू मला ‘स्मदर’ करते आहेस. ‘तू माझी घुसमट करतेस’ असं मी लिहिलं आणि खोडलं, कारण ते व्याख्यानात शोभलं असतं. ‘तुझ्या प्रेमात माझा जीव गुदमरतो’ हे नाटकी झालं. दोन दिवस ते वाक्य तसंच पडून होतं. मग चिडलेली मुलगी दारात चप्पल घालता घालता काय म्हणेल, ते मनात ऐकून पाहिलं आणि लिहिलं: ‘आई, जरा श्वास घेऊ दे ना गं मला!’